स्लीप टायमरने टीव्ही खरंच बंद होतो का? एका साध्या दाव्याची चिकित्सा

पेट किंवा सेटची तयारी करताना ‘परिकल्पना’, ‘चल’, ‘कार्यात्मक व्याख्या’ हे शब्द आपण इतके घोकतो की ते कशासाठी आहेत हेच मागे पडतं. मग प्रस्ताव लिहायला बसल्यावर पंचाईत होते. शीर्षक छान जमतं, उद्दिष्टं पाच होतात, आणि मुलाखतीत समोरचे सर एवढंच विचारतात: "हे झालं, हे तुम्हाला कळणार कसं?" तिथे गाडी अडते.

या एका प्रश्नासाठी आज मुद्दाम अगदी घरगुती वस्तू घेतेय. प्रोग्रॅम करता येणारा युनिव्हर्सल रिमोट आणि त्यावरचा स्लीप टायमर. त्याच्याबद्दलचा नेहमीचा दावा असा: "ठरवलेल्या वेळेनंतर रिमोट आपोआप टीव्ही बंद करतो, त्यामुळे वीज वाचते." वाक्य एक आहे, पण दावे दोन आहेत. टीव्ही बंद होतो हा पहिला. वीज वाचते हा दुसरा. दोन्ही आपण सुटे करून तपासू. जागा धरू नंदुरबार जिल्हा, कारण दावा कुठे उभा करून तपासतो त्यावर उत्तर कसं बदलतं, हे इथे फार लवकर दिसतं.

टायमर बसलाय कुठे?

चिकित्सेची पहिली पायरी म्हणजे एका नावाखाली किती वस्तू लपल्यात ते पाहणं. बाजारात ‘युनिव्हर्सल रिमोट’ म्हणून जे मिळतं त्यात बरेच प्रकार आहेत. काही रिमोट एखाद्या कंपनीच्या टीव्हीसाठी तयारच असतात. काहींमध्ये यादीतून कोड शोधून टाकावा लागतो. काही ‘शिकणारे’ असतात, म्हणजे जुना रिमोट समोर धरून त्याची खूण नव्यात उतरवून घ्यायची. आणि काहींमध्ये आदेशांची मालिका बसवता येते, वेळही लावता येते. आपला विषय हा शेवटचा प्रकार.

‘स्लीप टायमर’चंही तसंच आहे. तो तीन ठिकाणी असू शकतो: टीव्हीच्या आत, सेटटॉप बॉक्सच्या आत किंवा रिमोटच्या आत. टीव्हीच्या मेनूमध्ये जाऊन ३० किंवा ६० मिनिटं लावली, तर वेळ मोजतो टीव्ही आणि बंदही होतो टीव्हीच. रिमोट फक्त निरोप्या होता, त्याचं काम तिथेच संपलं. पण टायमर रिमोटच्या आत असेल, तर वेळ रिमोट मोजतो आणि वेळ संपली की टीव्हीला निरोप पाठवतो. दोन्हींत बटण एकच दाबलं जातं, नावही एकच. यंत्रणा मात्र पूर्ण वेगळी.

प्रश्नावलीत "तुम्ही स्लीप टायमर वापरता का? हो / नाही" असा प्रश्न टाकला, की हे तिन्ही प्रकार एका रकान्यात कोंबले जातात. पुढे सांख्यिकी कितीही भारी वापरा, ती गुंतागुंत सुटत नाही.

रिमोट टीव्हीला नेमकं काय सांगतो?

साध्या रिमोटच्या पुढच्या टोकाला अवरक्त प्रकाशाचा छोटा एलईडी असतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. हा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो. पुष्कळ रिमोटमध्ये हा वेग ३८ किलोहर्ट्झ असतो. त्यामुळे टीव्हीला खोलीतला दिवा, ऊन आणि रिमोट यांच्यातला फरक कळतो. या लुकलुकण्यात आदेश भरलेला असतो.

‘एनईसी’ नावाची सांकेतिक पद्धत यात खूप चालते. तिच्यात एका आदेशाचे ३२ बिट: ८ बिट उपकरणाचा पत्ता, ८ बिट त्याच पत्त्याची उलटी प्रत, ८ बिट आदेश आणि ८ बिट आदेशाची उलटी प्रत. उलटी प्रत कशाला? निरोप वाटेत बिघडला तर टीव्हीला ताळा जमत नाही हे कळावं, म्हणून. म्हणजे निरोप नीट आला का, याची काळजी टीव्हीच्या बाजूनं घेतलेली आहे. पण "मिळाला बरं का" असं टीव्ही रिमोटला उलट कळवत नाही. कळवायची सोयच नाही. अवरक्त रिमोट बोलतो, ऐकत नाही.

आता दुसरी गोम. बहुतेक रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं. ते दाबलं की टीव्हीला "बंद हो" असा निरोप जात नाही. निरोप जातो तो "आहेस त्याच्या उलट हो" असा. टीव्ही चालू असेल तर बंद होतो, बंद असेल तर चालू. तंत्रज्ञ याला टॉगल म्हणतात. काही टीव्हींसाठी ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोड असतात, पण मूळ रिमोटवर त्यांची बटणं बहुधा नसतात. मग शिकणाऱ्या रिमोटला ते शिकवणार कोण?

तेव्हा दाव्याचं पहिलं वाक्य काटेकोर करायचं तर असं होईल: "ठरलेली वेळ संपल्यावर रिमोट, तो ज्या दिशेला पडला असेल त्या दिशेनं, टीव्हीची अवस्था उलटी करण्याचा निरोप पाठवतो." जाहिरातीत हे वाक्य शोभणार नाही. शोधनिबंधात मात्र हेच लागतं.

हरवलेला दुवा: जागा माणूस

तुम्ही म्हणाल, रोज तर आपण याच रिमोटनं टीव्ही बंद करतो. बरोबर आहे. पण तेव्हा काय घडतं ते नीट पाहा. तुम्ही बटण दाबता, टीव्ही बंद होत नाही, तुम्ही हात जरा वर करता, पुन्हा दाबता, मग होतो. कधी रिमोटच्या पाठीवर एक थाप मारता. कधी चुकून दोनदा दाबलं जातं आणि टीव्ही परत लागतो, मग तिसऱ्यांदा दाबता. म्हणजे टीव्हीची अवस्था पाहून पुढचा आदेश ठरवणारं कुणीतरी तिथे बसलेलं असतं. ते तुम्ही.

नियंत्रणशास्त्रात याला क्लोज्ड लूप म्हणतात. आदेश दिला, परिणाम पाहिला, फरक उरला तर आदेश सुधारला. रिमोटमध्ये परिणाम पाहणारा भाग नाही, ते काम माणसाचे डोळे करतात. स्लीप टायमर नेमका हाच भाग काढून घेतो. त्याचा उपयोगच मुळी तेव्हा, जेव्हा खात्री करणारा माणूस झोपलेला असतो. आदेश तोच, रिमोट तोच, टीव्हीही तोच. लूप मात्र उघडा पडला.

माझी या फीचरवरची मुख्य टीका हीच आहे. दिवसा माणसाच्या मदतीनं बरोबर चालणारी गोष्ट रात्री माणसाशिवायही तशीच चालेल, असं त्यात गृहीत धरलंय. आणि हे गृहीतक कुठे लिहिलेलं नसतं. अशा काही रिमोटच्या माहितीपत्रकात मात्र एक बारीक सूचना असते: टायमर लावल्यावर रिमोट टीव्हीच्या दिशेला ठेवा. ती सूचना वाचताना थांबा. बनवणाऱ्याला अडचण ठाऊक होती, आणि त्यानं ती सोडवायचं काम झोपणाऱ्या माणसाकडे दिलं, हे त्या एका ओळीत कबूल झालेलं असतं. माहितीपत्रक हाही दाव्यांचा मजकूर आहे. तो शोधनिबंधासारखाच वाचायचा, आणि ‘मर्यादा’ कुठल्या ओळीत लपल्यात ते शोधायचं.

आपल्या घरात रात्री रिमोट कुठे असतो? उशीखाली, गोधडीत, पोराच्या हातात, खाटेखाली. भिंतीवर आपटून अवरक्त प्रकाश कधीकधी टीव्हीपर्यंत पोहोचतो, पण गोधडीतून पोहोचत नाही.

लाईट गेली तर?

युनिव्हर्सल रिमोट ही कल्पना जिथे वाढली तिथली घरं वेगळी होती. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी ॲपलमधलं काम सोडल्यावर सीएल ९ नावाची कंपनी काढली आणि १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा प्रोग्रॅम करता येणारा रिमोट आणला. दुसऱ्या रिमोटचे आदेश तो शिकायचा, आणि ठरलेल्या वेळी आदेशांची मालिका पाठवायचीही त्यात सोय होती. त्या काळासाठी मोठंच काम. पण त्यामागचं घर असं होतं की जिथे टेबलावर रिमोट ठेवायची जागा ठरलेली आहे आणि वीज सहसा जात नाही.

आता तोच टायमर नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आणा. कल्पित उदाहरण घेऊ. रात्री ९:३० ला टायमर लावला, ६० मिनिटांचा. ९:५० ला लाईट गेली. टीव्ही बंद. घरातले म्हणाले, चला, आता झोपा. १०:१० ला लाईट आली. पुष्कळ टीव्ही अशा वेळी लाल दिवा लावून स्टँडबायमध्ये थांबतात, काही पूर्वीच्याच अवस्थेत परत येतात. आपला पहिल्या प्रकारचा आहे असं धरा. रिमोट तर पेन्सिल सेलवर चालतो, त्याला लाईट गेल्याचं कळलेलंच नाही. त्याची मोजणी चालूच. १०:३० ला तो आपलं काम चोख करतो, "उलट हो" असं सांगतो. आणि अख्खं घर झोपलेलं असताना टीव्ही लागतो.

या प्रसंगात कुठलीही वस्तू बिघडलेली नाही. रिमोट ठीक, टीव्ही ठीक, सेल नवे. तरी परिणाम दाव्याच्या बरोबर उलटा. कारण आदेश देणाऱ्याच्या मनातली टीव्हीची अवस्था आणि टीव्हीची खरी अवस्था यांची फारकत झाली, आणि ती लक्षात आणून देणारं कुणी नव्हतं. टायमर टीव्हीच्या आत असता तर लाईट गेल्याबरोबर तोही पुसला गेला असता, आणि टीव्ही निमूट स्टँडबायमध्ये राहिला असता.

सेटटॉप बॉक्स जोडलेला असेल तर गोंधळ दुप्पट. मालिका बसवताना दोन टॉगल लागतात, एक टीव्हीला, एक बॉक्सला. दोनांपैकी एक निरोप चुकला की टीव्ही बंद आणि बॉक्स चालू, किंवा उलटं. दुसऱ्या रात्री तीच मालिका पुन्हा चालवली तर दोघं पुन्हा एकमेकांच्या विरुद्धच राहतात. चूक आपोआप दुरुस्त होत नाही, ती पुढे सरकत राहते.

शेतातला ‘ऑटो’ काय शिकवतो?

झोपलेला माणूस आणि आपोआप चालणारं यंत्र, हा प्रश्न आपल्या भागाला टीव्हीमुळे कळलेला नाही. तो शेतातून आधीच आलेला आहे. टीव्हीपेक्षा तिथे पणाला बरंच जास्त लागलेलं असतं, म्हणून जरा तिकडे वळू.

महावितरणची शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीनं मिळत आली: काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. तापीकाठच्या शहादा-तळोदा पट्ट्यात केळी, पपई, ऊस आहे. पाणी तर द्यावंच लागतं. रात्रीची पाळी म्हणजे अंधारात बांधावरून जाणं, साप-विंचवाची भीती, आणि लाईट कधी येईल कधी जाईल याची वाट बघत बसणं. त्यावर शेतकऱ्यानं काढलेला उपाय म्हणजे ‘ऑटो’, स्टार्टरला बसवलेला ऑटो स्विच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. शेतकरी घरी झोपलेला.

ऑटो स्विच हा एक प्रकारे स्लीप टायमरचा उलटा भाऊ. एक झोपेत बंद करतो, दुसरा झोपेत चालू करतो. आणि त्याचीही अडचण तीच, आदेश सुटतो पण परिणाम पाहणारा कुणी नाही. विहिरीत पाणी नसेल तर मोटार कोरडी फिरते आणि जळते. आणखी एक गोष्ट घडते, जी एका शेतकऱ्याला आपल्या बांधावरून दिसतच नाही. थेट सुरू होणारी मोटार सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारींना ऑटो असेल, तर लाईट आल्याच्या क्षणी त्या सगळ्या एकदम उठतात. डीपीवर भार कोसळतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. मग आठ-आठ दिवस पाणी नाही. म्हणूनच महावितरण पुन्हा पुन्हा आवाहन करतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

यातला मोबाईलचा टप्पा बघण्यासारखा आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ आणि त्यानंतर आलेले अनेक मोबाईल स्टार्टर यांच्यात एक गोष्ट मुळातच वेगळी आहे: शेतावर वीज आहे का, मोटार फिरतेय का, हे ते शेतकऱ्याला उलट कळवतात. शेतकऱ्याचे डोळे बांधावर नसले तरी खबर त्याच्यापर्यंत येते. म्हणजे लूप पुन्हा जोडला जातो. पुष्कळ स्टार्टरमध्ये मोटार कोरडी फिरू लागली की ती बंद पाडायची सोयही असते. गरज पडल्यावर शिवारातल्या स्टार्टरनं जे करून दाखवलं, ते घरातल्या रिमोटच्या स्लीप टायमरनं केलेलं नाही. तिथे मोटार जळते, इथे फार तर टीव्ही चालू राहतो, म्हणून कुणी फार मनावर घेत नाही. पण चिकित्सकानं घ्यायला हवं.

२०१७ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देणं हा आहे. आपल्या मुद्द्याच्या भाषेत सांगायचं तर हा उपाय यंत्र सुधारण्याचा नाही. माणूस जागा असेल त्या वेळेत काम आणण्याचा आहे. लूप जोडायची ही दुसरी रीत, आणि तीही तितकीच शास्त्रीय.

‘बंद’ या शब्दाचे चार अर्थ

आता पुन्हा टीव्हीकडे, आणि थेट तुमच्या प्रश्नावलीकडे. समजा तुम्ही विचारलं, "रात्री झोपताना टीव्ही बंद करता का?" मराठीत ‘टीव्ही बंद आहे’ या वाक्याचे निदान चार अर्थ होतात. पडदा काळा आहे पण बॉक्स आणि टीव्ही दोन्ही चालूच आहेत, हा पहिला. टीव्ही स्टँडबायमध्ये, लाल दिवा लागलेला, हा दुसरा. बोर्डावरचं बटण बंद, हा तिसरा. आणि लाईटच नाही, हा चौथा. बोलताना आपल्याला चारही चालतात. मीटरला चालत नाहीत.

कार्यात्मक व्याख्या म्हणतात ती हीच. ‘बंद’ म्हणजे काय, हे तुम्ही मोजणार कशानं त्यावर ठरतं. डोळ्यांनी पाहणार असाल तर पहिला आणि दुसरा वेगळे ओळखणं अवघड. बोर्डाच्या प्लगमध्ये वीजमापक लावणार असाल तर तिसरा आणि चौथा सारखेच दिसतील, शून्य. म्हणून लाईट कधी होती याची नोंद वेगळी ठेवावी लागेल. स्टँडबाय वीज कशी मोजावी यासाठी तर आयईसी ६२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. एवढ्याशा लाल दिव्यासाठी एवढं मोठं मानक का लागलं, हे आता लक्षात येईल.

भाषेचा आणखी एक पदर आहे. नंदुरबार जिल्ह्यात घराघरात बोलली जाते ती प्रमाण मराठी नव्हे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी या भाषा आहेत. शहरात तयार केलेली प्रश्नावली तिथे नेताना ‘बंद’चं भाषांतर केलं म्हणजे काम झालं असं होत नाही. चार अवस्था चार प्रश्नांत विचारा. "रिमोटनं की बोर्डावरून?" एवढा एक प्रश्न वाढवलात तरी वैधता कितीतरी सुधारते.

वीज वाचते का? हिशोब करून बघा

दुसरा दावा विजेचा. इथे आकडे मी समजून चालण्यासाठी धरतेय, मोजलेले नाहीत. टीव्ही ६० वॉट, स्टँडबायमध्ये अर्धा वॉट, सेटटॉप बॉक्स सतत १० वॉट. पुष्कळ जुन्या बॉक्सच्या बाबतीत रिमोटनं बंद केलं तरी वापर फारसा उतरत नाही, म्हणून १० वॉट रात्रभर धरले. माणसाला १० वाजता झोप लागते, सकाळी ६ ला उठतो.

पहिलं घर. इथे टायमर नाही. ११ वाजता कुणाला तरी जाग येते आणि तो उठून बोर्डाचंच बटण बंद करतो. १० ते ११ या तासात टीव्हीचे ६० आणि बॉक्सचे १०, मिळून ७० वॉट-तास. पुढे सकाळपर्यंत शून्य.

दुसरं घर. इथे टायमर आहे, १०:३० ला टीव्ही बंद होतो. टीव्हीचे अर्ध्या तासाचे ३०. उरलेल्या साडेसात तासांच्या स्टँडबायचे ३.७५. बॉक्सचे आठ तासांचे ८०. बेरीज ११३.७५ वॉट-तास.

टीव्ही अर्धा तास आधी बंद झाला, आणि वीज जास्त लागली. कारण टायमरनं पडदा विझवला, पण बोर्डापर्यंत जाण्याची सवयही त्यानंच विझवली. महिन्याला हा फरक साधारण १.३ युनिटचा.

तिसरं घर. इथे कुणीच उठत नाही, टीव्ही सकाळपर्यंत चालतो. ७० गुणिले ८, म्हणजे ५६० वॉट-तास. या घरानं टायमर लावला तर रात्रीला ४४६.२५ वॉट-तास वाचतात, महिन्याला साधारण १३.४ युनिट. इथे तोच टायमर चांगला उपयोगी.

मग टायमरनं वीज वाचते की नाही? प्रश्न अपुरा आहे, हे उत्तर. कशाच्या तुलनेत? टायमर नसता तर त्या घरात काय झालं असतं, हे ठरवल्याशिवाय ‘बचत’ या शब्दाला अर्थ नाही. संशोधनात याच कारणासाठी नियंत्रित गट लागतो. त्यात आणखी एक शक्यता धरा: टायमर आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे अंथरुणात टीव्ही लावून झोपतो, आधी तो ९:३० लाच बंद करायचा. म्हणजे साधनामुळे वागणूकच बदलली. "टायमर वापरणाऱ्या ५० घरांचं वीजबिल आणि न वापरणाऱ्या ५० घरांचं वीजबिल" अशी सरळ तुलना केलीत तर यातलं काहीच हाती लागणार नाही. बिलात तर फ्रिज, पंखे, पाण्याची मोटार, सगळं मिसळलेलं असतं.

नंदुरबार म्हणजे कोणतं नंदुरबार?

शीर्षकात ‘नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांचा अभ्यास’ असं लिहिणं सोपं आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी असे सहा तालुके. एकीकडे तापीचं सपाट, बागायती खोरं. दुसरीकडे सातपुड्यातले पाडे, पार नर्मदेच्या काठापर्यंत. शहादा शहरातलं घर आणि धडगावच्या वरचा पाडा यांच्यात विजेचा, टीव्हीचा आणि रात्रीचाही अनुभव एक नाही. शहाद्याच्या दोन कॉलन्यांत १०० फॉर्म भरून निष्कर्षात ‘जिल्हा’ लिहिणं, हे टॉगल दाबून "बंद केलं" म्हणण्यासारखंच आहे.

२०११ च्या जनगणनेच्या घरयादीत टीव्ही आहे का, हे विचारलं होतं. तो किती तास चालतो, बंद कसा होतो, हे विचारलं नव्हतं. आणि विचारायचं कारणही नव्हतं. पण ‘टीव्ही असणं’ या आकड्यावरून ‘टीव्ही वापरणं’ याबद्दल विधान करणारे प्रस्ताव सर्रास दिसतात. मालकीच्या आकड्याचा उपयोग नमुना निवडीसाठी करा. वापर स्वतः मोजा.

मग हे फीचर टाकाऊ आहे का?

नाही. टीका म्हणजे मोडीत काढणं नव्हे. कशाच्या अटीवर ते चालतं, ते सांगणं म्हणजे टीका. ज्या जुन्या टीव्हीत स्वतःचा टायमर नाही, तिथे रिमोटचा टायमर हाच एक मार्ग. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठून बोर्डापर्यंत जाता येत नाही, त्याच्यासाठी चुकणारा टायमरही नसण्यापेक्षा बरा. टीव्हीचा ‘फक्त बंद’ कोड मिळाला तर लाईट जाण्याचा धोका टळतो, कारण बंद टीव्हीला पुन्हा "बंद हो" सांगितलं तरी तो बंदच राहतो. आणि टीव्हीत स्वतःचा टायमर असेल तर सरळ तोच वापरावा. मोजणारा आणि बंद होणारा एकच असला की फारकत व्हायला जागा उरत नाही.

माझा आक्षेप फीचरच्या असण्याला नाही. "बंद करतो" या क्रियापदाला आहे. रिमोटच्या ताब्यात असतं ते निरोप पाठवणं. बंद होणं टीव्हीच्या ताब्यात, आणि वीज वाचणं अख्ख्या घराच्या सवयींच्या ताब्यात. तीन वेगळ्या ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी एका क्रियापदात गुंडाळल्या, की वाक्य गुळगुळीत होतं आणि तपासता येत नाही.

आता तुमचा प्रस्ताव काढा

तुमचा विषय टीव्ही नसेल. शिक्षणशास्त्र असेल, समाजकार्य असेल, अर्थशास्त्र असेल. क्रियापदं तपासा. ‘योजनेचा निधी वितरित झाला’ हा आदेश आहे. लाभार्थ्यानं तो बँकेतून काढून वापरला, ही अवस्था. ‘शिक्षकांना प्रशिक्षण दिलं’ हा आदेश. वर्गात काही बदललं, ही अवस्था. ‘जनजागृती केली’ हा तर शुद्ध टॉगल आहे, लोक आधीपासून जागे होते की झोपलेले, हे न बघता दाबलेला.

प्रत्येक उद्दिष्टाखाली तीन ओळी लिहा. पाठवलं काय? पोहोचलं काय, आणि ते मला कोण सांगणार? हे केलं नसतं तर काय झालं असतं? दुसऱ्या ओळीत ‘लाभार्थ्यांच्या मतांवरून’ एवढंच लिहावं लागत असेल तर अजून साधन सापडलेलं नाही असं समजा, आणि मुलाखतीच्या आधी ते शोधा. तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर तुमच्याकडे तुलना नाही. ती नसेल तर ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि ‘स्थिती’ लिहा. विषय लहान होईल, पण तो तुम्हाला पूर्ण करता येईल.

सरावाला हवं तर घरचाच टीव्ही घ्या. सात रात्री, एक वही, शक्य झालं तर एक प्लगमध्ये लावायचा वीजमापक. टायमर कुठे होता, रिमोट कुठे पडला होता, लाईट गेली होती का, सकाळी लाल दिवा होता की काळोख. सात ओळींचं कोष्टक होईल. त्यात एक तरी रात्र अशी सापडेल की जिथे तुम्ही आखलेला रकाना पुरणार नाही आणि नवा रकाना पाडावा लागेल. तो नवा रकाना कशामुळे लागला, ते वहीत त्याच पानावर लिहून ठेवा. मुलाखतीत सरांनी "कसं कळणार?" विचारलं की सांगायला तेच पान कामी येईल.